दुसऱ्याचा माल, आपली जबाबदारी

वाचकांचे प्रश्न : छोटा व्यवसाय आणि विमा

प्रश्न : सप्रेम नमस्कार. चिपळूणच्या बाजारपेठेजवळ मी एका मोठ्या कुरिअर कंपनीची फ्रँचायझी घेतली असून चिपळूण आणि गुहागर तालुक्यांतील काही गावांची पार्सले आमच्यामार्फत जातात-येतात. व्यवसाय माझ्या नावावर आहे. एक छोटा टेम्पो यजमानांच्या नावावर असून तो माझे धाकटे दीर चालवतात. दोन मुले पगारावर असून ती स्वतःच्या मोटारसायकलींवरून घरोघर डिलिव्हरी करतात. आंब्याच्या हंगामात आणखी दोघांना घ्यावे लागते. गाळा भाड्याचा आणि तळमजल्यावरचा आहे. एका एजंटाने दुकानदारांसाठी असलेली पॅकेज पॉलिसी सुचवली असून तिच्यात सगळे येते, असे तो सांगतो. आमच्या खर्चाला मर्यादा आहे. कोणता विमा घेतल्यावाचून चालणार नाही आणि कोणता थांबू शकतो, याचे मार्गदर्शन करावे. (एक वाचक भगिनी, चिपळूण)

उत्तर : दुकानदारांची पॅकेज पॉलिसी मुळात दुकान, त्यातील सामान आणि दुकानदाराचा स्वतःचा माल यांच्यासाठी बेतलेली असते. तुमच्या व्यवसायाची घडण वेगळी आहे. तुमच्या गाळ्यातील बहुतेक माल तुमचा नाही, तुमचे काम गाळ्यापेक्षा रस्त्यावर अधिक चालते, आणि रस्त्यावरची माणसे जे करतात ते तुमच्या वतीने करतात. म्हणून त्या पॅकेजमध्ये काय येते हे विचारण्यापूर्वी, कोणती घटना घडली तर व्यवसायाबरोबर घरही अडचणीत येईल, याचा क्रम कागदावर लावावा. बहुतेक कुरिअर व्यावसायिक सर्वांत आधी पार्सलच्या विम्याची चौकशी करतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे, कारण पार्सल हरवल्यास एखाद्या महिन्याचा नफा जातो, पण अपघातात कुणाचा जीव गेला तर भरपाई देण्यात अनेक वर्षांची मिळकत जाऊ शकते.

आधी टेम्पो पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नुसार थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, हे सर्वांना ठाऊक असते. त्यात दुसऱ्या व्यक्तीच्या मृत्यूबद्दल किंवा इजेबद्दल विमा कंपनीवर येणाऱ्या दायित्वाला रकमेची मर्यादा नसते, तर दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी टेम्पोच्या बाबतीत साडेसात लाख रुपयांची मर्यादा असते. या भागाचा हप्ता सरकार ठरवते, त्यामुळे तो सर्व कंपन्यांकडे सारखाच असतो. घासाघीस करायची ती फक्त तुमच्या स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या भागावर. टेम्पो मालवाहू म्हणून नोंदलेला आहे का, त्याचे फिटनेस प्रमाणपत्र चालू आहे का आणि दिरांच्या परवान्याची मुदत शिल्लक आहे का, या तीन गोष्टी विम्याइतक्याच मोलाच्या आहेत, कारण दावा नाकारण्याची कारणे बहुधा याच कागदांत सापडतात. परवान्याबाबतचा एक जुना घोळ मात्र मिटला आहे. हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेल्या व्यक्तीला ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालवता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे.

आता एक बाब, जी तुमच्या घरातील माणसाशी निगडित असल्यामुळे मी ठळकपणे सांगतो. मोटार पॉलिसीसोबत मिळणारे १५ लाख रुपयांचे सक्तीचे वैयक्तिक अपघात संरक्षण हे वाहन चालवणाऱ्या मालकासाठी असते. टेम्पो यजमानांच्या नावावर आहे आणि चालवतात दीर. म्हणजे रोज घाट उतरणाऱ्या माणसाला त्या १५ लाखांतून काहीही मिळणार नाही. दिरांना तुम्ही रीतसर पगार देत असाल, तर पगारी चालकाबद्दलचे दायित्व मोटार पॉलिसीत थोडा जादा हप्ता भरून जोडून घ्यावे. घरचा माणूस म्हणून ते बिनपगारी काम करत असतील, तर त्यांच्या नावाने स्वतंत्र वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्यावी आणि ती या महिन्यातच घ्यावी.

पावसाळ्याबद्दलही दोन वाक्ये. वाहन पुरात बुडाल्याचे नुकसान सर्वसमावेशक पॉलिसीत (थर्ड पार्टीबरोबर स्वतःच्या वाहनाचे नुकसानही धरणाऱ्या) येते, पण पाणी शिरलेले इंजिन सुरू करण्याच्या प्रयत्नात ते निकामी झाले तर त्याची भरपाई सहसा मिळत नाही; त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड घ्यावी लागते. जोड घेतली असली तरी पाण्यातून बाहेर काढलेला टेम्पो चावी न फिरवता ओढून गॅरेजमध्ये न्यावा, हे दिरांना आवर्जून सांगावे.

मोटारसायकलींचा प्रश्न अधिक नाजूक आहे आणि गावोगावच्या छोट्या कुरिअर केंद्रांत त्याकडे सर्रास दुर्लक्ष होते. खासगी दुचाकीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात आणि त्यांत भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर, तसेच नमुने व वैयक्तिक सामान सोडून इतर मालाची वाहतूक, या गोष्टी वगळलेल्या असतात. मुलगा पाठीवर पार्सलांची पिशवी घेऊन निघाला आणि रस्त्यात एखाद्या वृद्धाला धडक बसली, तर कंपनी या मर्यादेवर बोट ठेवू शकते. अशा प्रकरणांत काही वेळा मोटार अपघात दावा न्यायाधिकरण विमा कंपनीला आधी भरपाई द्यायला आणि नंतर ती वाहनमालकाकडून वसूल करायला सांगते. म्हणजे जखमी माणसाला पैसे मिळतात, पण मुलाच्या डोक्यावर कर्ज उभे राहते, आणि तो तुमच्या कामावर असल्यामुळे मालक म्हणून तुम्हालाही प्रतिवादी केले जाऊ शकते. यावर उपाय असा की, दुचाकी डिलिव्हरीसाठी वापरली जाते हे विमा कंपनीला लेखी कळवावे, तसा वापर मान्य असल्याची नोंद पॉलिसीवर मागावी, आणि नोंदणीच्या प्रकारात बदल आवश्यक आहे का, हे रत्नागिरीच्या परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे. "चालतं हो, कुणी विचारत नाही," हे एजंटाचे तोंडी उत्तर न्यायाधिकरणासमोर उपयोगी पडत नाही.

त्याच मुलांना स्वतःला काही झाले तर काय, हा पुढचा आणि माझ्या लेखी तितकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. कामावर असताना झालेल्या अपघाताची भरपाई देण्याची मालकाची जबाबदारी १९२३ च्या कायद्यापासून चालत आलेली असून ती तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आली आहे. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. पंचवीस वर्षांच्या मुलासाठी हा गुणक २१६.९१ आहे. त्याला महिना १२,००० रुपये मिळत असतील, तर ६,००० गुणिले २१६.९१, म्हणजे १३,०१,४६० रुपये होतात. चूक कुणाची होती याचा शोध घेत न बसता ही रक्कम देय होते आणि विलंब झाल्यास तिच्यावर व्याज चढते. या जबाबदारीसाठी जी पॉलिसी असते तिला बाजारात अजूनही डब्ल्यूसी (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन, म्हणजे कामगार भरपाई) पॉलिसी म्हणतात. तिचा हप्ता वर्षभराच्या एकूण पगारावर आणि कामाच्या स्वरूपावर ठरतो. मनुष्यबळ कमी असेल तर तो छोट्या व्यवसायाला पेलण्यासारखा असतो. अर्जात कामाचे स्वरूप "कार्यालयीन" असे लिहून हप्ता वाचवण्याचा मोह टाळावा. दुचाकीवरून डिलिव्हरी असेच लिहावे. हंगामात घेतलेल्या दोघांची नावे आणि पगार एप्रिल उजाडण्यापूर्वी कंपनीला कळवावेत. याशिवाय मुलांचे बँकेत खाते असेल, तर वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी २ लाख रुपयांचे संरक्षण देणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना त्यांनी घ्यावी. ती मालकाच्या जबाबदारीची जागा घेत नाही, पण आणीबाणीत घराला लवकर आधार मिळतो.

गाळ्याबद्दल चिपळूणच्या माणसाला मी वेगळे काय सांगावे? २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले, तेव्हा तळमजल्यावरच्या दुकानांत काय राहिले, हे तुम्ही पाहिले आहे, आणि २००५ च्या जुलैचा पूरही घरातील वडीलधाऱ्यांच्या लक्षात असेल. एका ठिकाणची एकूण जोखीम ५ कोटी रुपयांपर्यंत असलेल्या व्यवसायांसाठी १ एप्रिल २०२१ पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आली आहे. प्रमाणित म्हणजे तिची मूळ कलमे सर्व कंपन्यांकडे सारखीच असतात. आग, वीज, भूकंप, चक्रीवादळ, पूर, भूस्खलन हे सारे धोके तिच्यात मुळातच आहेत. पूर वगळून स्वस्त पॉलिसी देऊ, असे कुणी म्हणाले तर तुमच्या गावात ती घेऊ नये. अशा घटनेनंतर, त्याच घटनेमुळे ७ दिवसांच्या आत झालेली चोरीही तिच्यात येते. पूर ओसरल्यावर शटर उघडे पडलेल्या गाळ्याच्या दृष्टीने ही सोय मोलाची आहे.

या पॉलिसीत दोन ठिकाणी काळजी घ्यावी लागते. पहिले ठिकाण म्हणजे विमा रक्कम. गाळ्यात १० लाखांचे सामान असताना ६ लाखांचा विमा काढला आणि ३ लाखांचे नुकसान झाले, तर ३ लाख मिळत नाहीत. सहा-दशांश प्रमाणात १ लाख ८० हजारच मिळतात. या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे, त्याहून अधिक नाही. दुसरे ठिकाण अधिक महत्त्वाचे आहे. संगणक, वजनकाटा, रॅक, इन्व्हर्टर हे तुमचे. पण पार्सले लोकांची. तुमच्या ताब्यात विश्वासाने ठेवलेला इतरांचा माल विमित आहे, अशी स्पष्ट नोंद पॉलिसीच्या तपशीलपत्रात नसेल, तर पुरानंतर तुम्हाला रॅकची भरपाई मिळेल आणि पार्सलांसाठी हात रिकामे राहतील. ही नोंद करून घेताना मालाची किंमत सरासरी दिवसाची न धरता मे महिन्यातील सर्वांत गर्दीच्या दिवसाची धरावी. गाळ्याची इमारत मालकाची असल्यामुळे तिच्या विम्याचा भार तुम्ही घेऊ नये. भाडेकरारात तशी अट नाही ना, तेवढे पाहावे.

आता पार्सले. २००७ चा रस्तामार्गे माल वाहतुकीचा कायदा कुरिअर संस्थेला सार्वजनिक वाहतूकदारांच्या व्याख्येत स्पष्टपणे घेतो. त्या कायद्याखालील २०११ च्या नियमांनुसार, पाठवणाऱ्याने जादा जोखमीचा दर भरलेला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत आणि घोषित किमतीहून अधिक नाही, अशी मर्यादित आहे. म्हणजे १२० रुपये घेऊन नेलेले पार्सल हरवले, तर १,२०० रुपयांची मर्यादा लागते, आत १८ हजारांचा मोबाइल असला तरी. ही मर्यादा तुमच्या बाजूची आहे, पण तिचा लाभ कागद नीट भरलेला असेल तरच भक्कमपणे मागता येतो. त्यामुळे घोषित किंमत, मालाचे वर्णन आणि पाठवणाऱ्याची सही या तीन गोष्टींवाचून डॉकेट, म्हणजे पार्सलची पावती, फाडू नये. दैवी आपत्तीत वाहतूकदाराला सूट आहे, परंतु योग्य दक्षता घेतली असती तर नुकसान टळले असते, असे दिसल्यास ती सूट मिळत नाही. पाणी वाढत असल्याच्या सूचना आल्यानंतरही पार्सले जमिनीवरच ठेवली, तर पुराकडे बोट दाखवून सुटता येईल, असे मी तुम्हाला सांगू शकत नाही.

पार्सलांचा विमा दोन तऱ्हेचा असतो आणि त्यांची गल्लत नेहमी होते. मालाच्या मालकाने काढायचा तो वाहतूक विमा. त्यात मालकाला भरपाई मिळते आणि मग विमा कंपनी मालकाच्या जागी उभी राहून ती रक्कम तुमच्याकडून वसूल करू शकते. तुम्ही काढायचा तो वाहतूकदाराच्या कायदेशीर दायित्वाचा विमा. जिथे कायद्याने जबाबदारी तुमच्यावर येते तिथेच तो पैसे देतो. ग्राहकाने विमा काढला आहे म्हणून आपण मोकळे झालो, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. हा दायित्व विमा तुम्हाला कितपत लागेल, याचे उत्तर मात्र फ्रँचायझीच्या करारात आहे. माल तुमच्या ताब्यात असताना झालेले नुकसान मूळ कंपनी सोसणार की तुमच्या कमिशनमधून कापणार, आणि कापणार असल्यास दहापटीची मर्यादा तुम्हालाही लागू आहे का, हे लेखी विचारावे. कंपनीची पॉलिसी असेल तर तिच्यात फ्रँचायझीधारकांचा समावेश असल्याचे पत्र मागावे. ते मिळाले तर हा खर्च तुम्ही सध्या लांबणीवर टाकू शकता.

एकंदरीत टेम्पोची सर्वसमावेशक पॉलिसी, दिरांचे अपघात संरक्षण, मुलांची डब्ल्यूसी पॉलिसी आणि गाळ्याचा पुरासह विमा या चार गोष्टी यंदाच घ्याव्यात, आणि दुचाकींचे लेखी उत्तर त्याच बरोबर मिळवावे. एजंटाने सुचवलेल्या पॅकेजमधून यांपैकी गाळ्याचे काम होत असेल, तर तपशीलपत्राचा मसुदा आधी मागून इतरांच्या मालाची ओळ त्यात दिसल्यावरच हप्ता भरावा.

प्रश्न : देवगडहून आम्ही हंगामात हापूसच्या पेट्या पुण्या-मुंबईकडे पाठवतो. घाटात एक वाहन उलटून रस्ता रात्रभर अडला, आमची गाडी मागे अडकून पडली आणि दुसऱ्या दिवशी पोहोचलेल्या पेट्यांतील बराच आंबा नासला. वाहतूक विमा असूनही कंपनीने दावा नाकारला. हे योग्य आहे का? (एक वाचक, देवगड)

उत्तर : तुमच्या नुकसानीबद्दल मनापासून वाईट वाटते, कारण वर्षाची कमाई ज्या दोन महिन्यांत उभी राहते, त्याच काळातला हा फटका आहे. तरीही कंपनीचा नकार पॉलिसीच्या शब्दांना धरून असण्याची शक्यता मोठी आहे. देशांतर्गत वाहतूक विम्याची अ, ब आणि क अशी कलमे असतात. क मध्ये आग आणि वीज एवढेच येते. ब मध्ये त्याशिवाय वाहनाची टक्कर, वाहन उलटणे, पूल कोसळणे यांसारखे नाव घेऊन सांगितलेले धोके येतात. अ सर्वांत व्यापक असते. पण अ कलमातही विलंबामुळे झालेले नुकसान वगळलेले असते, मग तो विलंब विमित धोक्यामुळे झालेला असला तरीही; मालाच्या अंगभूत गुणधर्मामुळे झालेली नासाडी आणि अपुरे पॅकिंग यांनाही भरपाई नाही. तुमची स्वतःची गाडी उलटून पेट्या फुटल्या असत्या, तर ब कलमातही दावा बसला असता. गाडी धडधाकट उभी राहिली आणि उष्म्याने आंबा पिकत गेला, म्हणून तो बसला नाही.

या नुकसानीवरचा खरा उपाय विम्यापेक्षा बिल्टीवर, म्हणजे माल पाठवतानाच्या चिठ्ठीवर, अधिक अवलंबून आहे. २००७ च्या कायद्यात विलंबाबद्दल अशी तरतूद आहे की, पाठवणारा आणि वाहतूकदार यांनी विलंबाची जी मुदत आपसांत ठरवून मालाच्या चिठ्ठीत लिहिली असेल, तिच्या आतील विलंबासाठी वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या रकमेपुरतीच राहते. त्या मुदतीपलीकडे मात्र ती नुकसानभरपाईच्या नेहमीच्या मर्यादेपर्यंत वाढते. वाहतूकदाराने आपली किंवा आपल्या माणसांची चूक नव्हती, हे सिद्ध केले तर तो मोकळा होतो. रस्ता दुसऱ्याच्या वाहनामुळे अडला असेल, तर ही बाजू त्याला मांडता येईल. तरी पुढच्या हंगामापासून प्रत्येक चिठ्ठीवर मुदत लिहिण्याचा आग्रह धरावा. बागायतदाराने ती कमी मागावी आणि कुरिअरवाल्याने पेलेल तेवढीच कबूल करावी. भरपाईचा दावा न्यायालयात नेण्याचा विचार असेल, तर माल बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस देणे आवश्यक आहे. ती मुदत संपली नसेल, तर नोटीस आजच द्यावी. पिकण्याच्या कोणत्या टप्प्यावरचा आंबा पेटीत भरला, याची नोंदही चिठ्ठीवर असावी, कारण तयार फळ आणि कच्चे फळ यांच्या नासाडीचा वाद नंतर सुटत नाही.

प्रश्न : सावंतवाडीत आमचे कुरिअर केंद्र आहे. कॅश ऑन डिलिव्हरीचे पैसे रोज संध्याकाळी जमा होतात. एका मुलाने तीन दिवसांची रक्कम घेऊन पळ काढला. आमच्याकडे घरफोडीचा विमा होता. कंपनी म्हणते तो लागू नाही. तक्रार कुठे करावी? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : घरफोडीच्या पॉलिसीत बळजबरीने आत शिरल्याची किंवा बाहेर पडल्याची खूण असावी लागते, कुलूप न तोडता झालेली चोरी तिच्यात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच स्पष्ट केले आहे. कामावरच्या माणसाने केलेल्या अपहारासाठी निष्ठा हमी विमा असतो, आणि बँकेत नेताना लुटल्या गेलेल्या किंवा तिजोरीतून चोरीला गेलेल्या रोकडीसाठी पैशाचा विमा असतो. तुमच्या प्रकारात पहिला हवा होता. तो नसताना कंपनीशी भांडून फारसे हाती लागेल, असे मला वाटत नाही. पोलिसांत अपहाराची फिर्याद द्यावी आणि रक्कम कुठल्या दिवशी कोणत्या पार्सलांची होती, याचा तक्ता तिला जोडावा. मूळ कंपनीलाही त्याच दिवशी लेखी कळवावे. पुढे रोकड तीन दिवस मुलाजवळ राहू देऊ नये. रोजच्या रोज पावतीवर जमा करून घ्यावी, कारण निष्ठा हमीचा दावा तपासतानाही हिशोब किती दिवसांनी पाहिला जात होता, हे विचारले जाते.

विमा कंपनीचा नकार अन्यायाचा वाटत असेल, तर आधी तिच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे, जाता येते. एकल मालकीच्या आणि सूक्ष्म व्यवसायांच्या पॉलिसींसाठी हा मार्ग खुला आहे, ५० लाख रुपयांपर्यंतच्या दाव्यांसाठी आहे, त्याला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. कंपनीच्या अंतिम नकारानंतर एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. तुमच्या जिल्ह्यासाठी कोणते कार्यालय आहे, त्याचा पत्ता पॉलिसीच्या शेवटच्या पानांवर छापलेल्या यादीत मिळेल.